कोरफड लावा, पण तिचा चीक ओळखा

आपल्या भंडारा जिल्ह्याचा पाऊस धानाला मानवतो. बांधीत पाणी साचते नि धान तरारते. कोरफडीला मात्र साचलेले पाणी सोसत नाही, तिची मुळे कुजतात. म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, ती न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर लावू नका. फुटके घमेले किंवा तेलाचा रिकामा डबा घ्या, बुडाला भोके पाडा, निम्मी रेती व निम्मी माती भरा. मोठ्या झाडाच्या बुडाशी पिल्ले फुटतात. शेजारणीकडून एक मागून आणा, दोन दिवस सावलीत सुकवा आणि लावा. माती कोरडी झाल्यावरच पाणी द्या. पावसाळ्यात डबा पडवीत ओढून घ्या.

पुष्कळ दारांवर कोरफड उलटी टांगलेली दिसते. मातीशिवाय हिरवी राहते, म्हणून ती नजर खाते असे सांगतात. यात चमत्कार काही नाही. पानात पाणी साठलेले असते आणि पानांवरची बारीक छिद्रे दिवसा मिटून रात्री उघडतात, त्यामुळे पाणी कमी उडते. ती कोरफड उतरवून डब्यात लावली तर कामी येईल.

पान कापले की सालीलगत पिवळा, कडू चीक निघतो. आतला पारदर्शक गर वेगळा. पान दहा-पंधरा मिनिटे उभे ठेवून चीक गळू द्यावा आणि गर धुऊन घ्यावा. भाताची पेज गाळताना हात पोळला तर आधी वीस मिनिटे साध्या पाण्याच्या धारेखाली धरावा, मग गर लावावा. कातडी निघाली असेल, चेहरा भाजला असेल किंवा लहान मूल असेल तर सरळ दवाखाना गाठावा.

चीक वाळला की त्याचा काळा बोळ होतो. तो जालीम जुलाब आहे. गरोदर बाईला तो कधीच देऊ नये. अमेरिकेत २००२ साली चिठ्ठीविना मिळणाऱ्या जुलाबाच्या औषधांत तो वापरायला बंदी झाली.

आम्हाला खरी काळजी वाटते ती सिकलसेलच्या घरांची. पूर्व विदर्भात, आपल्या समाजातही, हे रुग्ण पुष्कळ आहेत. अंगातले पाणी कमी झाले की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. जुलाबाने तर पाणीच जाते! तरी कोणी 'रक्त शुद्ध करणारा' रस घेऊन दारात येतो. पान सालीसकट वाटले असेल तर चीक त्यात उतरलेला असतो. हा आजार आईवडिलांकडून येतो, तो रसाने धुऊन निघत नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे, वैद्य नव्हे. पण बाटलीवर पैसे घालून डॉक्टरांनी दिलेली हायड्रॉक्सियुरियाची गोळी बंद करणे हा उघड तोट्याचा व्यवहार आहे, हे आम्हालाही कळते.

सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. पोर अंगदुखीने कळवळू लागले तर पाणी पाजत लगेच तिथे न्यावे. जाताना तपासणीचा कागद आणि चालू गोळ्यांची पट्टी सोबत घ्यावी.