भरवसा कोणावर ठेवायचा?

हल्ली शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत जाणारी आपली मुले जेवणाच्या सुट्टीत बिटकॉइनच्या गोष्टी करतात. कोणी पाचशे रुपये घातलेले असतात, कोणी बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्यातले वीस हजार. त्यांना विचारले तर ती नुसते पैसे दुप्पट होण्याचे बोलत नाहीत. ती म्हणतात, “बँक आपली नाही, सरकार आपले नाही. ज्या पैशाला कोणी मालकच नाही, तोच खरा स्वतंत्र पैसा.”

या बोलण्याला आम्ही हसत नाही. अविश्वास ही गोष्ट आपल्या समाजाला कोणी शिकवावी लागली नाही. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे न कळता आपल्या आजोबा-पणजोबांनी त्यावर अंगठे उठवले. बँकेत कर्ज मागायला गेल्यावर जामीनदार कोण, तारण काय, राहता कुठे, या प्रश्नांतच आपला माणूस अर्धा होतो. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा रोजंदारी बुडवून रांगेत कोण उभे होते हे आपण पाहिले आहे. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदाराला स्वतःच्याच खात्यातून सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. तेव्हा मुलांचा राग खोटा नाही. प्रश्न एवढाच की, या रागाने जायचे कुठे?

बिटकॉइनचा जन्मही अशाच रागातून झाला. 2008 साली अमेरिकेतील मोठ्या वित्तसंस्था कोसळल्या आणि सरकारांनी जनतेच्या पैशातून बँकांना वाचवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कोणीतरी एक योजना जाहीर केली आणि जानेवारी 2009 मध्ये ती सुरू झाली. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. ही एक खतावणी आहे. ती एका बँकेच्या कपाटात नसते. तिची प्रत जगभरातील हजारो संगणकांवर असते आणि कोणालाही एकट्याने तिच्यात खाडाखोड करता येत नाही. एकूण नाणी 2 कोटी 10 लाखांपेक्षा जास्त निघणार नाहीत, असा नियम तिच्यातच बांधलेला आहे. कल्पना हुशारीची आहे, हे मान्य केले पाहिजे.

आता काही शिकलेली मुले याच्याही पुढे जातात. ती म्हणतात, “बाबासाहेबांनी तरी दुसरे काय सांगितले?” या प्रश्नाला मात्र नीट उत्तर दिले पाहिजे.

मार्च 1920 मध्ये आपल्याच जिल्ह्यातील माणगावला परिषद झाली. छत्रपती शाहू महाराजांनी तेथे जमलेल्यांना सांगितले की, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. त्याच वर्षी बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांनी जो प्रबंध लिहिला तो जातीवर नव्हता. तो रुपयावर होता. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ 1923 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रज सरकार आपल्या सोयीने रुपये काढते, त्याला काही बंधन नाही, म्हणून रुपयाची किंमत टिकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. रुपये किती काढायचे याची मर्यादा ठरलेली असावी आणि ती अधिकाऱ्यांच्या मर्जीवर नसावी, हा त्यांचा आग्रह होता. चलन स्वस्त झाले की देशाचा फायदा होतो, हे व्यापाऱ्यांचे म्हणणेही त्यांनी खोडून काढले. भाव चढतात, मजुरी मागे राहते; म्हणजे एका वर्गाच्या खिशातून पैसा दुसऱ्या वर्गाच्या खिशात जातो, हे त्यांनी दाखवून दिले.

म्हणजे पैसा काढणाऱ्यावर आंधळा विश्वास ठेवू नये, हे शंभर वर्षांपूर्वी बाबासाहेबांनी सांगितले. इथपर्यंत मुलांचे बरोबर आहे. पण पुढचे अर्धे ती वाचत नाहीत.

अविश्वास वाटला म्हणून बाबासाहेब संस्थांपासून पळून गेले नाहीत. 1925 साली चलनविषयक हिल्टन यंग आयोग आला, तेव्हा त्यांनी त्याच्यापुढे साक्ष दिली आणि परक्या सरकारला तोंडावर चूक दाखवली. याच आयोगाने देशासाठी मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि 1 एप्रिल 1935 रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. पुढे संविधान घडवताना त्यांनी सरकारच्या तिजोरीवर नजर ठेवणारा महालेखापरीक्षक कलम 148 मध्ये बसवला. हा अधिकारी संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा, असे त्यांचे मत होते. ज्याच्यावर विश्वास नाही त्याला कायद्याने बांधायचे, त्याचा हिशेब तपासायचा आणि दाद मागायला दार ठेवायचे, ही बाबासाहेबांची रीत.

या दाराची किंमत बिटकॉइनवाल्यांनाही कळली. रिझर्व्ह बँकेने 6 एप्रिल 2018 रोजी परिपत्रक काढून बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. तेव्हा संस्था नकोत म्हणणारी हीच मंडळी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 4 मार्च 2020 रोजी ते परिपत्रक रद्द झाले. कशाच्या आधारावर? संविधानाने दिलेल्या व्यवसाय स्वातंत्र्याच्या आधारावर. त्यांना स्वातंत्र्य मिळाले ते बाबासाहेबांच्या संविधानातून!

आणि मालक नसलेल्या पैशाला खरोखर मालक नाहीत काय? आपला मुलगा ती खतावणी स्वतः कधी पाहत नाही. तो मोबाईलमधल्या एखाद्या कंपनीच्या हवाली पैसे करतो. नोव्हेंबर 2022 मध्ये एफटीएक्स ही जगातील मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्या संस्थापकाला 2024 मध्ये 25 वर्षांची शिक्षा झाली. जुलै 2024 मध्ये आपल्या देशातील वझीरएक्सवर चोरट्यांनी डल्ला मारला आणि ग्राहकांचे पैसे अनेक महिने अडकून पडले. त्याआधी महिन्याला दहा टक्के देतो म्हणणाऱ्या गेनबिटकॉइनने लोकांना फसवले. 2018 मध्ये पुणे पोलिसांनी त्या प्रकरणात अटका केल्या. म्हणजे “कोणावर विश्वास ठेवू नका” असे म्हणत म्हणत माणसे अनोळखी माणसावर विश्वास ठेवून बसली. बँकेशी निदान भांडता येते. पत्ता नसलेल्याशी कसे भांडणार?

तथागतांनी कालामांना सांगितले की, परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. हा उपदेश बँकेच्या साहेबाला लागू आहे, तसाच मोबाईलवर व्याख्यान देणाऱ्या गुरूलाही. पण असे शिकवणाऱ्या तथागतांनी संघही स्थापन केला, त्याला नियम दिले आणि निर्णय सर्वांसमक्ष घेण्याची रीत लावली. आपण त्रिशरण घेताना संघाला शरण जातो ते उगीच नव्हे. एकट्याचे स्वातंत्र्य श्रीमंताला परवडते. गरिबाचे स्वातंत्र्य दहाजण मिळून उभे राहिले तरच टिकते.

म्हणून घरोघरी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बँकेतील, सहकारी बँकेतीलसुद्धा, ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. फेब्रुवारी 2020 पूर्वी तो एक लाख होता. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा नाही, आणि बिटकॉइनला तर नाहीच. बिटकॉइन आपल्या देशात कायदेशीर चलन नाही. 2022 पासून त्याच्या नफ्यावर तीस टक्के कर आहे, आणि एकातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. ज्याला हौसच आहे त्याने बुडाले तरी घरात चूल पेटेल एवढेच घालावे. मुलांची फी, आजारपणाचा पैसा आणि कर्ज काढून आणलेला पैसा त्यात घालू नये. महिन्याला ठरावीक टक्के देतो म्हणणारा कोणी दारात आला, तर माताभगिनींनी त्याला चहासुद्धा पाजू नये.

आणि भरवसा शिकायचा असेल तर लांब जायला नको. आपल्या बचत गटाची वही पाहा. महिन्याच्या बैठकीत ती मोठ्याने वाचली जाते आणि चूक दिसली की कोणतीही बाई उठून विचारते. हाच प्रश्न बँकेच्या खिडकीवर, पतसंस्थेच्या वार्षिक सभेत आणि ग्रामसभेतही आपल्याला विचारता आला पाहिजे. आपल्या पतसंस्थेच्या सभेची नोटीस येते, तेव्हा आपल्यापैकी किती सभासद तेथे जातात? यंदा जाऊन अहवाल मागावा, लेखापरीक्षकाचा शेरा वाचावा आणि न समजेल ते उभे राहून विचारावे. मुलांच्या रागाला आम्ही हीच वाट दाखवू इच्छितो.

जयभीम!