सल्ला हवाय, की वशिला?

गेल्या शनिवारी पार्किंगमध्ये गाडी पुसत होतो. शेजारी आमच्याच लाइनमधले एक गृहस्थ (मोठ्या कंपनीत मॅनेजर, वर्षातून दोनदा ऑनसाइट) फोनवर बोलत होते. "अरे, आमच्या बी विंगमध्ये एक रिटायर्ड कर्नल आहेत. पोराला घेऊन ये रविवारी. एनडीएचं सगळं त्यांच्याकडून काढून घेऊ. ते काय, रिकामेच असतात!"

माझे कान तापले. रागाने नाही, लाजेने. कारण वर्षापूर्वी हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी बोललो होतो. त्यामुळे आजचं लिखाण जरा कडू लागेल. पहिला घोट माझाच आहे, तेव्हा कुणी वाईट वाटून घेऊ नये.

तर झालं असं. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी माझी ताई आणि दाजी पुण्यात आले. भाचा बारावीत, एनडीएचा फॉर्म भरायचा म्हणत होता. मी लगेच शायनिंग मारली, "दाजी, आमचे कर्नलसाहेब आहेत ना! आत्ताच जाऊ." रविवारी सकाळी साडेनऊला आम्ही तिघं त्यांच्या दारात. आधी फोन नाही, काही नाही. जिन्यातून एक मेसेज टाकला, 'सर, दोन मिनिटांत येतोय'. आपल्या टीममधल्या ज्युनियरलासुद्धा आपण कॅलेंडरवर वेळ विचारतो. पंच्याहत्तरीच्या माणसाला मात्र विचारायची गरज वाटली नाही.

त्यांनी आत घेतलं. काकूंनी चहा ठेवला. आणि दाजी सुरू झाले.

कुठलं एसएसबी सेंटर सोपं? भोपाळ की अलाहाबाद? बोर्डावर कोणी ओळखीचं आहे का? पोस्टिंग काश्मीरला नको असेल तर काही करता येतं का? नेव्ही त्यातल्या त्यात सेफ ना? शेवटी पेन्शन साधारण किती बसतं? आणि मग एक ऐतिहासिक प्रश्न : "तुम्ही कर्नललाच का थांबलात? जनरल वगैरे...?"

मी काय करत होतो? मान हलवत होतो! मध्येच दाजींचं लक्ष भिंतीवरच्या एका जुन्या फोटोकडे गेलं. गणवेशातला पंचविशीचा पोरगा. "हे कोण? शहीद झाले का?" दाजींनी बिस्किट बुडवता बुडवता विचारलं. साहेब "कोर्समेट" एवढंच म्हणाले. बिस्किट मात्र कपात पडलं, आणि ते चमच्याने काढण्यात दाजींचा पुढचा मिनिटभर गेला.

सेंटरच्या प्रश्नावर साहेब म्हणाले, "सगळीकडच्या खुर्च्या सारख्याच कडक आहेत." ओळखीच्या प्रश्नावर म्हणाले, "आहेत की ओळखीचे. पण यासाठी फोन केला तर ते पुन्हा कधी माझा फोन उचलणार नाहीत." मग पहिल्यांदाच ते भाच्याकडे वळले. "बाळ, नोटिफिकेशन वाचलंस?" भाचा माझ्याकडे बघतो. मी दाजींकडे. "आणि तुम्हाला कशावर सही करावी लागणार आहे, ते वाचलंत?" हा प्रश्न दाजींना. शांतता. "मग वाचून या. चहा घ्या, गार होतोय."

लिफ्टमध्ये मीच सगळ्यात जास्त तणतणलो. "काय अ‍ॅटिट्यूड आहे! चार गोष्टी सांगितल्या असत्या तर काय बिघडलं असतं?"

रात्री केवळ त्यांना खोटं पाडायला म्हणून यूपीएससीचं ते नोटिफिकेशन उघडलं. भलं मोठं आहे. फुकट आहे. कुणालाही उतरवून घेता येतं. सोळा-सतरा वर्षं या धंद्यात, लोकांना 'आधी डॉक्युमेंटेशन वाचा' म्हणून सुनावत आलो, आणि स्वतः पहिलं पान उघडलं नव्हतं. त्यात सगळं होतं. वयाची अट, साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यात गणित ३०० आणि सामान्य क्षमता चाचणी ६००. एसएसबीचे पुन्हा ९००. लष्करासाठी बारावीची कुठलीही शाखा चालते, हवाई दल आणि नौदलासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं. पगाराचे तक्ते, भत्ते, सगळं. दाजींच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं छापील होती.

आणि मागे परिशिष्टात तो परिच्छेद होता. अकादमीत दाखल होण्यापूर्वी आईवडिलांनी किंवा पालकांनी एका प्रमाणपत्रावर सही करायची असते. प्रशिक्षणादरम्यान किंवा प्रशिक्षणामुळे मुलाला काही इजा झाली, तर आपण किंवा आपला पाल्य सरकारकडे भरपाई मागू शकणार नाही, याची आपल्याला पूर्ण जाणीव आहे, असं त्यात लिहून द्यायचं. त्या इजेवरच्या शस्त्रक्रियेत अपंगत्व किंवा मृत्यू आला तरीसुद्धा. शिवाय एक बाँड : मुलगा स्वतःच्या मर्जीने मधेच सोडून आला, तर झालेला खर्च परत करावा लागेल.

मी ते दोनदा वाचलं. मग दाजींना वाचून दाखवलं. दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. ताई आत निघून गेली.

हे नुसतं कागदावरचं कलम नाही. प्रशिक्षणात जायबंदी होऊन घरी परतावं लागलेल्या कॅडेट्सच्या हलाखीची सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली. अशी मुलं देशात आहेत. आम्ही साहेबांना पेन्शन विचारत बसलो होतो, आणि विचारायचा प्रश्न हा होता.

आता मुद्द्यावर येतो. आपण (म्हणजे तुम्ही-आम्ही, एसीत बसून कोड लिहिणारे) लष्कराचा फार आदर करतो असा आपला समज आहे. २६ जानेवारीला डीपी बदलतो, सिनेमात राष्ट्रगीताला ताठ उभे राहतो, खडकवासल्याला भजी खायला जाताना 'ती बघ एनडीए' म्हणून पोरांना दाखवतो. पण तोच माणूस समोर सोफ्यावर बसला, की आपण त्याला एक खिडकी समजतो. टोकन घ्या, प्रश्न टाका, उत्तर उचला. माझं म्हणणं एवढंच आहे की हा आदर खोटा आहे. खरा आदर 'जय हिंद सर' म्हणण्यात नसतो. आपण काय विचारत नाही, त्यात असतो. ह्यालाच जुनी माणसं संयम म्हणायची.

ह्या संयमाची आपल्याला सवय का नाही, हे मला ठाऊक आहे. आपल्या क्षेत्रात सगळं रेफरलवर चालतं. ओळखीने रिझ्युमे पुढे सरकतो, आणि त्यात काही वावगंही नाही. तीच बुद्धी आपण तिथे वापरायला जातो. पण एसएसबीची रचनाच अशी आहे की त्यात ओळखीला फटच ठेवलेली नाही. पाच दिवस मुलाला तिघे जण वेगवेगळे जोखतात. मानसशास्त्रज्ञ त्याचं लिखाण वाचतो, मुलाखत घेणारा त्याच्याशी बोलतो, आणि मैदानावरचा अधिकारी तो गटात कसा वागतो ते बघतो. मनसा, वाचा, कर्मणा, असंच तिथे म्हणतात. हे तिघे आपापलं मत आपापलं बनवतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसतात. शब्दांच्या चाचणीत ६० शब्द येतात, एकेकाला १५ सेकंद. पंधरा सेकंदांत मामाची ओळख काय कामाची? निकालाची भाषासुद्धा पास-नापासची नाही. 'रेकमेंडेड' किंवा 'नॉट रेकमेंडेड'.

म्हणून निवृत्त अधिकाऱ्याला 'काही सेटिंग होईल का' विचारणं हे नुसतं असभ्य नाही, मूर्खपणाचंही आहे. ज्या गोष्टीसाठी त्याने आयुष्य दिलं ती विकाऊ आहे, असं आपण त्याला त्याच्याच घरी, त्याचाच चहा पिऊन सांगत असतो. आणि ह्याच प्रश्नाची सवय लागलेले पालक पुढे 'भरती करून देतो' म्हणणाऱ्या भामट्यांच्या तावडीत सापडतात. त्या बातम्या आपण दर थोड्या महिन्यांनी वाचतोच.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो खरा आहे, म्हणून टाळत नाही. "ज्यांच्या घरात फौजी नाही, त्या पोरांनी विचारायचं कुणाला? फौजींच्या मुलांना हे सगळं जेवणाच्या टेबलावर कळतं. आमच्या पोरांनी संयम पाळत बसायचं का?"

नाही. विचाराच. जरूर विचारा. मी विचारू नका म्हणतच नाहीये, कसं विचारायचं ते म्हणतोय. ऑफिसात एक पोरगा येऊन नुसतं 'सर, चालत नाहीये' म्हणतो. दुसरा येतो तो लॉग घेऊन, 'हे हे करून पाहिलं, इथे अडलोय' म्हणतो. आपण दुसऱ्यासाठी जेवण सोडून बसतो की नाही? ज्याच्या घरात फौजी नाही, त्याला तर त्या एका भेटीची किंमत जास्त आहे. ती पुस्तकातल्या माहितीत का घालवायची? आणि सगळा भार एका म्हाताऱ्या माणसावर टाकायचीही गरज नाही. महाराष्ट्र सरकारनेच १९७७ पासून संभाजीनगरला (तेव्हाचं औरंगाबाद) दहावीनंतरच्या मुलांना एनडीएसाठी तयार करणारी सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट चालवली आहे, आणि आता नाशिकला मुलींसाठीही केली आहे. आपल्यातल्या किती जणांना हे माहीत असतं?

मुलींवरून आठवलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींना ही परीक्षा खुली झाली, २०२२ मध्ये पहिली तुकडी खडकवासल्यात आली, आणि मे २०२५ मध्ये त्यातल्या १७ जणी पास आउट झाल्या. तरी निवृत्त महिला अधिकारी भेटली की आपल्या बायाबापड्यांचा पहिला प्रश्न असतो, "मग लग्नाचं कसं जमवलं?" समोर वीस वर्षांचा अनुभव बसलाय आणि आपण स्थळ बघायला आल्यासारखे.

दुसरा आक्षेप : "पण त्यांना आवडतं की बोलायला!" काहींना आवडतं. तो त्यांचा मोठेपणा झाला, आपला हक्क नव्हे.

आता भाच्याचं पुढे काय झालं ते सांगतो. तीन आठवड्यांनी त्याने स्वतः फोन करून वेळ मागितली. माझ्या नाही, त्यांच्या सोयीची. मला म्हणाला, "मामा, तू नको येऊस." (लागलं, पण बरोबर होतं.) वहीत दोनच प्रश्न लिहून नेले होते. मी विचारले नाहीत, त्यानेही सांगितले नाहीत. पंचवीस मिनिटांत परत आला. सप्टेंबरमध्ये लेखी निघाली. जानेवारीत एसएसबीला गेला, पहिल्या दिवशीची चाळणी पार केली, पाचही दिवस राहिला, आणि 'नॉट रेकमेंडेड' होऊन आला.

मला वाटलं, आता हा तोंड लपवेल. हा पुण्यात उतरला तो स्टेशनवरूनच त्यांना फोन करून संध्याकाळी सांगायला गेला. साहेब त्याला म्हणाले, "इतक्या वर्षांत विचारायला शेकडो आले. न झाल्यावर सांगायला आलेला तू तिसरा." मग त्याला जेवायलाच ठेवून घेतला. वय आहे, तो पुन्हा बसतोय. होईल, न होईल. दाजींनी मात्र ते परिशिष्ट छापून कपाटात ठेवलंय आणि सही करायची तयारी आहे म्हणतात. ताईची अजून नाही. त्या घरातली खरी चर्चा आत्ता कुठे सुरू झालीय.

तर मंडळी, थोडक्यात. आधी वाचा. जाण्याआधी वेळ मागा. बोलणं मुलाला किंवा मुलीला करू द्या, फॉर्म तुमचा नाही. पगार, रँक, 'तुम्ही किती मारले' आणि भिंतीवरचे फोटो, हे विषय ते काढतील तेव्हाच. ओळखीचा शब्दसुद्धा नको. 'नाही' म्हणाले तर नमस्कार करून उठा. आणि निकाल लागल्यावर, विशेषतः वाईट लागल्यावर, सांगायला जा.

पार्किंगमधल्या त्या गृहस्थांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझं काय जातंय रे?" खरंय. माझं काहीच जात नाही. पण उद्या रविवार आहे, साडेनऊला त्या घरात चहा ठेवला जाईल, आणि भिंतीवर तो फोटो तसाच असेल.

बघा, पटतंय का. नाही पटलं तर भांडायला घरी या. फक्त येण्याआधी एक फोन करा.