बाळाच्या न्हाणीतले फडके

घरात बाळ येणार अशी चाहूल लागली की पाळणा, दुपटी, झबली, टोपडी यांची तयारी सुरू होते. डॉक्टर म्हणून आपणही मातेला लसीकरणाचे वेळापत्रक देतो, स्तनपानाविषयी सांगतो, वजनाची नोंद ठेवतो. परंतु ज्या वस्तूचा बाळाच्या त्वचेशी रोज संबंध येतो, त्या अंग धुण्याच्या फडक्याविषयी रुग्णालयातून घरी जाणाऱ्या मातेला क्वचितच कोणी काही सांगते. विषय क्षुल्लक समजला जातो, म्हणून तो राहून जातो. माझ्या मते तो तसा नाही.

दौलतराव शिंदे यांची छावणी १८१० मध्ये येथे स्थिरावली आणि लष्कर वसले. येथे आलेल्या मराठी घराण्यांनी भाषा व सणवार यांबरोबर बाळंतिणीच्या खोलीतील रीतही आणली. पाटावर पाय पसरून बसलेली आजी किंवा अंगाला लावणारी बाई, तिच्या पायांवर पालथे घातलेले बाळ, तेल, डाळीचे पीठ, आणि पुसायला नेसून नेसून मऊ झालेल्या लुगड्याचा तुकडा. काही घरांत वाळलेल्या घोसाळ्याची जाळीही असे. आता सुती नऊवारी घरातून गेली; रोजच्या साड्याही बहुधा कृत्रिम धाग्याच्या असतात. मऊ फडके सहज हाती लागत नाही आणि त्याची जागा बाजारातील रंगीत स्पंज, प्लास्टिकच्या जाळीचे गोंडे आणि खरखरीत हातमोजे घेऊ लागले आहेत. जुन्या रीतीतले जे उत्तम ते गेले. घासण्याची हौस मात्र तशीच राहिली.

ही हौस का घातक, हे त्वचेच्या रचनेवरून कळते. तान्ह्या मुलाच्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर प्रौढांच्या तुलनेत सुमारे ३० टक्के पातळ असतो. जन्मतः त्वचेचा सामू उदासीनतेच्या जवळ असतो. जंतूंना अटकाव करणारी सौम्य आम्लता पुढील काही दिवसांत व आठवड्यांत येते. अशा त्वचेवर खरखरीत वस्तू फिरवली की डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात आणि तेथून स्टॅफिलोकोकससारख्या जंतूंना वाट मिळते. मोठ्या माणसाला ज्याने एखादी पुळी होईल, त्याच जंतूंमुळे नवजात बाळाच्या रक्तात संसर्ग पसरू शकतो. जन्माच्या वेळी अंगावर असणारा पांढरा चिकट थर हे निसर्गाने दिलेले संरक्षण आहे. तो मळ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या शिफारशींत पहिली आंघोळ किमान २४ तास लांबवावी असे सांगितले आहे.

मग आपण घासतो तरी कशासाठी? लव जावी म्हणून, असे सांगितले जाते. ती काही आठवड्यांत आपोआप गळते. पण बहुतेक घरांत खरे कारण वेगळेच असते, ते म्हणजे रंग उजळावा ही इच्छा. मुलगी असेल तर हात थोडा अधिक जोरात चालतो. हे स्पष्ट बोलले पाहिजे. त्वचेचा वर्ण आनुवंशिकतेने ठरतो आणि जन्मानंतरच्या काही महिन्यांत तो स्वाभाविकपणे गडद होतो. घासून तो उजळत नाही. उलट वारंवार दाह झालेल्या जागी काळसर डाग राहू शकतात. पहिल्या महिन्यातच लेकीच्या अंगाला तिच्या रंगाची शिक्षा देणे सुशिक्षित समाजाला शोभत नाही.

वडीलधाऱ्या स्त्रियांचा आक्षेप असतो की, "आम्ही सगळ्यांना असेच वाढवले." त्यांच्या अनुभवाचा मान राखूनच सांगावेसे वाटते की मालिशीतले सुख हाताच्या ऊबदार स्पर्शाचे आहे, खरखरीत जाळीचे नाही. हलक्या हाताची मालिश अवश्य करावी.

घोसाळ्याची जाळी नैसर्गिक म्हणून निर्धोक, हाही समज बरोबर नाही. न्यूयॉर्क येथील बॉटोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की अशा जाळीत स्यूडोमोनाससारखे जंतू वाढतात आणि तेथून त्वचेवर येतात. फोमच्या स्पंजाचीही गत तीच; त्याच्या छिद्रांतील ओल लवकर सुकत नाही. शिवाय दात येणारे मूल त्याचा तुकडा तोडून गिळण्याचा धोका असतो.

फडके कसे असावे? शुद्ध सुती, पातळ, वारंवार धुतलेले. जुना पंचा, मलमल किंवा मऊ धोतराचा तुकडा यांहून चांगले काही नाही. सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे आणि अंग टिपायला तो उत्तमच. पण कोणतेही नवे कापड खळ निघून जाईपर्यंत दोन-तीनदा धुतल्याखेरीज बाळाला लावू नये. कापड आपल्या बंद पापणीवर फिरवून पाहावे. तेथे टोचले तर ते बाळासाठी नाही. वीतभर लांबी-रुंदीचे सहा तुकडे पुरतात. तोंडाचे वेगळे, शी-शूच्या जागेचे वेगळे. डोळे मात्र उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने, प्रत्येक डोळ्यास नवा बोळा घेऊन पुसावेत. अंग घासू नये, टिपावे.

वापरलेले फडके त्याच दिवशी धुऊन, उकळून कडक उन्हात वाळवावे. आपल्या ग्वाल्हेरच्या पौष-माघात धुक्यामुळे ऊन पडत नाही, त्या दिवसांत गरम इस्त्री फिरवावी. बोअरिंगच्या जड पाण्याने कापड ताठ होते. असे कडक झालेले फडके काढून टाकावे. त्याच थंडीत नाळ पडलेली नसेल किंवा बाळ कमी वजनाचे असेल, तर पूर्ण न्हाऊ न घालता बंद, उबदार खोलीत एकेक अवयव उघडून कोमट ओल्या फडक्याने पुसून लगेच झाकावा.

व्यवसायबंधू-भगिनींना नम्र विनंती आहे की घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर फडक्याविषयी दोन ओळी लिहाव्यात. त्या केवळ मातेला न सांगता आजीला आणि अंगाला लावणाऱ्या बाईलाही समजावून सांगाव्यात, कारण बाळ त्यांच्याच हाती असते. आणि समाजबांधवांनी बारशाला महागड्या प्रसाधनांची टोपली देण्याऐवजी धुऊन मऊ केलेल्या सुती फडक्यांचा एक संच द्यावा. त्याला फारसा खर्च नाही आणि पहिल्या दिवसापासून तो बाळाच्या कामी येईल.