अर्ध्यावर सोडलेल्या कादंबरीकडे परतताना

टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ ही कादंबरी विद्यार्थिदशेत मी निम्म्यावर मिटून ठेवली होती. पुस्तक दुर्बोध आहे, असे तेव्हा सर्वांना सांगितले. ते पूर्ण खरे नव्हते. कथेतला काळ मागेपुढे धावतो, मेलेल्या मुलीचा वावर घरात आहे आणि कोणतेही पात्र आपली हकिगत सरळ सांगत नाही, हे खरेच. परंतु गुलामगिरीतून पळालेली सेथ, धनी पकडायला आलेला पाहताच पोटच्या मुलीचा गळा चिरते, त्या प्रसंगाशी मी थांबलो होतो. अशा आईशी माझा काय संबंध, असे वाटले होते.

पुढे शिक्षकी पेशात आल्यावर ती कादंबरी पुन्हा हाती घेतली आणि पूर्ण वाचली.

या कथेमागे सत्य घटना आहे. जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीला पळाली. पकडले जाताना तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीला ठार केले. त्या घटनेवरून सुचलेली ही कादंबरी १९८७ साली प्रसिद्ध झाली, १९८८ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९९३ मध्ये लेखिकेला नोबेल. तरीही अमेरिकेतील अनेक शाळांतून ती काढून टाकण्याची मागणी होत राहिली. व्हर्जिनियात एका पालकाच्या आक्षेपातून सुरू झालेला वाद विधिमंडळापर्यंत पोहोचला. लैंगिक वर्णन असलेल्या पाठ्यसाहित्याची पूर्वसूचना पालकांना देण्याचे विधेयक २०१६ मध्ये मंजूर झाले. राज्यपालांनी नकाराधिकार वापरल्याने त्याचा कायदा झाला नाही.

हा वाद आपल्याला परका नाही. १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ आले, तेव्हा घरची लक्तरे वेशीवर टांगली, असे म्हणणारे आपल्यातही होते. वेदना लपवली म्हणजे प्रतिष्ठा राखली, हा समज दोन्हीकडे सारखाच.

दुसऱ्या वाचनात मला दिसले ते या कादंबरीतले दोन शिक्षक. पहिला मळ्यावरचा नवा कारभारी. त्याला सारे ‘मास्तर’ म्हणूनच ओळखतात. तो गुलामांची मापे घेतो, टिपणे काढतो आणि आपल्या शिष्यांना सेथची माणसासारखी लक्षणे एका बाजूला व जनावरासारखी दुसऱ्या बाजूला लिहायला लावतो. ज्या शाईने हे लिहिले जाते, ती सेथनेच बनवलेली असते. शिक्षणाला मुक्तीचे साधन मानणाऱ्या आपल्या समाजाने हे पान थांबून वाचावे. लेखणी ज्याच्या हाती असेल, तो तिने माणसाला जनावरांच्या यादीतही घालू शकतो.

दुसरी शिक्षिका लेडी जोन्स. कृष्णवर्णीय मुलांना ती आपल्या घरी अक्षरे शिकवते. सेथची धाकटी मुलगी डेन्व्हर तिच्याकडे जात असते. परंतु आईविषयी एका मुलाने विचारलेल्या प्रश्नाने तिची शाळा सुटते आणि पुढे दोन वर्षे तिला ऐकूही येत नाही. अनेक वर्षांनी घरात उपासमार होते, तेव्हा डेन्व्हर याच बाईंचे दार ठोठावते. मग वस्तीतल्या बाया अंगणात अन्न ठेवू लागतात, काहींवर नावाची चिठ्ठी असते. ती नावे वाचत डेन्व्हर पुन्हा माणसांत येते.

निवासी शाळेत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे कळायला फार विचार करावा लागला नाही. घरच्या परिस्थितीविषयीचा एकच प्रश्न मुलाला किती काळ मुका करू शकतो, हे आमच्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. परतून जाता येईल असे एक दार असले की काय होते, हेही.

पालकांची काळजी मी खोटी मानत नाही. हे पुस्तक पाचवी-सहावीच्या मुलांसाठी नव्हे. मोठ्या विद्यार्थ्यांच्याही हाती ते शिक्षकाच्या सोबतीने द्यावे. पण द्यावे. आपल्या ग्रंथालयात अशा पुस्तकांसाठी एक खण असावा, आणि एखाद्याने पुस्तक अर्ध्यावर परत केले तर त्याला रागावू नये. ते त्याच खणात राहू द्यावे. केव्हातरी तो परत येईल.