काळोखातला पाडवा

बालीला जायचे ठरले तेव्हा आमच्या सोसायटीत आणि नात्यागोत्यात दोन प्रकारचे उद्गार ऐकू आले. पहिला, ‘अरे वा, तिथे म्हणे सगळे हिंदूच आहेत!’ आणि दुसरा, डोळे बारीक करून, ‘तिथे रात्री म्हणे फार धमाल असते?’ एका मेव्हण्याने तर लग्नाचा दाखला बरोबर घ्यायला सांगितले. इंडोनेशियाच्या संसदेने डिसेंबर २०२२मध्ये विवाहबाह्य संबंधांना गुन्हा ठरवणारी नवी दंडसंहिता मंजूर केली होती, ते त्याने वाचले होते. ती लागू व्हायला तीन वर्षे अवकाश होता आणि तक्रार करण्याचा हक्क फक्त नवरा, बायको, आईवडील किंवा मुले यांनाच होता, हे मात्र त्याच्या वाचनातून सुटले होते. लग्नाला पंचवीस वर्षे झालेल्या जोडप्याच्या सहलीची एवढी चौकशी कशासाठी, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे.

चार मित्रांनी मिळून कंपनीच्या ‘कॉन्फरन्स’ला बँकॉक गाठावे, त्याबद्दल आपल्याकडे कोणी ब्र काढत नाही. नव्या जोडप्याने हनिमूनला जावे, हेही समजते. पण पन्नाशीला टेकलेल्या नवराबायकोने रात्री अकरा वाजता एखाद्या बारमध्ये शेजारी शेजारी बसून गाणे ऐकावे, बायकोनेही समोर ग्लास ठेवावा, हे अजूनही आपल्याला रुचत नाही. जोडप्याने जायचे ते अष्टविनायकाला, फार तर चारधामला. करमणूक ही पुरुषांनी बायकांना चुकवून करण्याची गोष्ट आहे, असे आपण मनोमन धरून चाललो आहोत. मला तर उलटेच वाटते. जी रात्र बायकोबरोबर काढता येत नाही, तिच्यात काहीतरी खोट असते. तेव्हा दिवसा देवळे आणि रात्री गाणीबजावणी, दोन्ही करायचे आणि कोणापासून काही लपवायचे नाही, असे ठरवून आम्ही १८ मार्च २०२३ला देनपसारच्या विमानतळावर उतरलो. सहलीच्या माहितीपत्रकात सहा रात्री होत्या. पाचव्या दिवसापुढे नुसतेच ‘आराम’ असे छापले होते. त्या शब्दाचा अर्थ पुढे कळला.

पहिल्या दिवशी उलुवाटू. समुद्रापासून सुमारे सत्तर मीटर उंच कड्याच्या टोकावर देऊळ, पर्यटकांचे चष्मे पळवणारी माकडे आणि मावळतीला ‘केचाक’ नृत्य. उघड्या अंगाचे साठसत्तर पुरुष वर्तुळात बसून तोंडानेच ‘चाक-चाक-चाक’ असा ठेका धरतात. एकही वाद्य नाही. मध्ये सीता, रावण, हनुमान. अंगावर काटा येतो. आमच्या गटातले एक गृहस्थ सद्गदित होऊन म्हणाले, ‘हजारो वर्षांची परंपरा!’ मी गप्प बसलो. त्या ठेक्याचे मूळ अंगात येण्याच्या जुन्या विधीत आहे हे खरे. पण रामायणाची कथा घालून त्याला आजचे रूप आले ते १९३०च्या दशकात. वॉल्टर स्पीस नावाचा जर्मन चित्रकार तेव्हा बालीत राहत होता. त्याने आणि स्थानिक नर्तकांनी मिळून परदेशी प्रेक्षकांसाठी हा खेळ बसवला. म्हणजे आम्ही जे पाहिले ते मुळात आमच्यासारख्यांसाठीच घडवलेले होते. त्याने त्याची गोडी कमी होते का? माझ्या मते मुळीच नाही. ‘अस्सल’ शोधत हिंडणाऱ्या पर्यटकाइतका कंटाळवाणा प्राणी दुसरा नाही.

पण पर्यटनाचा हा सारा खटाटोप कशातून उभा राहिला, ते मात्र माहीत असायला हवे. २० सप्टेंबर १९०६ रोजी याच देनपसारमध्ये बादुंगचा राजा, त्याचे कुटुंब आणि दरबारी पांढरी वस्त्रे लेवून डच फौजेच्या बंदुकांसमोर चालत गेले आणि शेकड्यांनी मेले. याला बालीत ‘पुपुतान’ म्हणतात, म्हणजे अखेरपर्यंतची झुंज. आपल्याला जोहार आणि साका आठवतील. या रक्तपाताने युरोपात डचांची नाचक्की झाली. मग त्याच डचांना बालीची संस्कृती जपण्याचा पुळका आला. १९२८मध्ये त्यांच्या जहाज कंपनीने देनपसारमध्ये बाली हॉटेल उघडले आणि ‘स्वर्गीय बेटा’ची जाहिरात युरोपभर झाली. १९६५-६६च्या कम्युनिस्टविरोधी हत्याकांडात या छोट्या बेटावर सुमारे ८० हजार माणसे मारली गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे; आणि त्याच १९६६मध्ये सानूरच्या किनाऱ्यावर जपानी युद्धभरपाईच्या पैशांतून दहा मजली बाली बीच हॉटेल उभे राहिले. ते डोळ्यांना इतके खुपले की नारळाच्या झाडापेक्षा उंच इमारत बांधायची नाही, असा दंडक पुढे आला. आज बाली आपल्याला टुमदार दिसते ती त्यामुळे.

एका देवळाच्या दारात इंग्रजी पाटी होती : मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांना प्रवेश नाही. पत्नीने ती दोनदा वाचली. ‘अहो, आपल्याकडे पाटी नसते, एवढाच फरक,’ असे म्हणाली, भाड्याचे सारोंग कमरेला गुंडाळले आणि आत गेली. ‘सगळे हिंदूच’ असल्याचा आनंद झालेल्यांनी याचाही विचार करावा. शिवाय हे हिंदुत्व त्यांचे स्वतःचे आहे. देवळात मूर्तीऐवजी बहुधा रिकामे सिंहासन असते, पूजेच्या जेवणात डुकराचे मांस असते, आणि इंडोनेशियाच्या एकेश्वरी राज्यतत्त्वात बसावे म्हणून त्यांनी ‘सांग ह्यांग विधी’ या एका परमेश्वरावर भर दिला. तिथल्या पुजाऱ्याला ‘आमचेच तुम्ही’ म्हणून मिठी मारणारे आपले पर्यटक पाहिले की, दूरच्या श्रीमंत काकाने यावे आणि घरातल्या वस्तूंना हात लावत फिरावे, तसे वाटते. हा अलंकार मी उगाच वापरलेला नाही. २०१९मध्ये बालीतल्या एका हॉटेलात भारतीय कुटुंबाच्या बॅगांतून हॉटेलच्या वस्तू बाहेर काढल्या जात असल्याचे चित्रीकरण सगळ्या देशाने पाहिले आहे.

आता रात्रीविषयी. कुटा आणि लेगियनच्या रस्त्यावर रात्री नऊनंतर जे असते, ते बागा-कळंगुट पाहिलेल्याला नवे नाही. कर्णकर्कश संगीत, बिनतांगची हिरवी बाटली, दारात उभ्या पोरांची आर्जवे. आम्ही एका साध्या बारमध्ये बसलो. तिथला गायक पन्नाशीचा होता आणि सत्तरच्या दशकातली इंग्रजी गाणी झकास म्हणत होता. पत्नीने बिअर घेतली. स्थानिक ‘अराक’ मात्र आम्ही टाळली. मिथेनॉल मिसळलेल्या अराकने इथे माणसे दगावलेली आहेत. साडेअकराच्या सुमारास बाहेर पडलो आणि त्याच रस्त्यावर, त्या गोंगाटाच्या ऐन मध्यावर, स्मारक लागले. १२ ऑक्टोबर २००२ रोजी रात्री अकरानंतर इथल्या पॅडीज पब आणि सारी क्लब या दोन ठिकाणी बॉम्बस्फोट झाले आणि २०२ माणसे मेली. त्यांत ८८ ऑस्ट्रेलियन होते, ३८ इंडोनेशियन. दगडावर नावे देशवार कोरलेली आहेत. बहुतेक जण आमच्यासारखेच, एखादे गाणे ऐकायला बाहेर पडलेले. इंडोनेशियन नावांतले बरेच लोक मात्र रोजगारासाठी तिथे होते. पत्नी एकेक नाव वाचत राहिली. शेजारून मोटारसायकली जात होत्या, पलीकडे कोणीतरी मोठ्याने हसत होते. ते हसू मला गैर वाटले नाही. मारेकऱ्यांना नेमके तेच बंद पाडायचे होते.

तिथून परत येताना एका बारच्या उंबऱ्यावर आणखी एक दृश्य दिसले. तिथली मुलगी झाडलोट आटोपून नारळाच्या पानाची इवलीशी द्रोणासारखी परडी जमिनीवर ठेवत होती. आत फुले, चिमूटभर भात, वर उदबत्ती. याला ‘चनांग सारी’ म्हणतात. देवळापुढे ठेवतात तशीच ती दारूच्या दुकानापुढेही ठेवतात. देऊळ दिवसाचे आणि गुत्ता रात्रीचा, ही विभागणी आमच्या डोक्यात होती. त्या मुलीच्या डोक्यात ती दिसली नाही. बालीत रात्र जागवण्याची कला क्लब येण्याच्या कितीतरी आधीची आहे. चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ पहाटेपर्यंत चालतो, जसा आपल्या कोकणात दशावतार चालतो.

२१ मार्चच्या संध्याकाळी बांबू-कागदाचे अक्राळविक्राळ राक्षस, ‘ओगोह-ओगोह’, खांद्यावर घेऊन पोरे वाजतगाजत निघाली. नागपूरची मारबत ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सारे बेट बंद झाले. हा ‘न्येपी’, त्यांचा वर्षारंभ. आगीला मनाई, कामाला मनाई, प्रवासाला मनाई, करमणुकीला मनाई. विमानतळ चोवीस तास बंद. २०१८पासून मोबाइलचे इंटरनेटही बंद. हॉटेलातल्या पाहुण्यांनी आतच राहायचे, पडदे ओढायचे, दिवे मिणमिणते ठेवायचे. बाहेर फक्त ‘पेचालांग’ म्हणजे गावरक्षक फिरतात. माहितीपत्रकातला ‘आराम’ हाच. हे आम्हांला आधी कोणी सांगितले नव्हते. पैसे मोजून घेतलेली एक रात्र अंधारात जाणार म्हणून मी सकाळभर धुसफुसत होतो. पत्नीने तेवढ्यात बॅगेतून बत्तासे काढले आणि हॉटेलची सारोंग नेसवून, वर पाण्याचा ग्लास उपडा घालून खोलीतच गुढी उभारली. त्या दिवशी आपलाही पाडवा होता! खोली आवरायला आलेल्या मुलाने ती पाहून वर्ष विचारले. पत्नी म्हणाली, शके १९४५. तो म्हणाला, ‘साका १९४५.’ दरसाल दिवस जुळतोच असे नाही, २०२४मध्ये त्यांचा वर्षारंभ महिनाभर आधी आला. पण आकडा तोच. ज्यांना दोन देशांचे नाते मिरवायचे असेल त्यांनी हे मिरवावे.

रात्री काळोख पडला तो असा की स्वतःचा हात दिसेना. अमावास्या नुकतीच उलटलेली. लाखो लोकांच्या वस्तीत एक दिवा नाही, एक इंजिन नाही. कुठेतरी कुत्रे भुंकले आणि तेही ओशाळल्यासारखे थांबले. वर मात्र चांदण्यांचा खच. आम्ही दोघे बाल्कनीत बसून दोन-अडीच तास बोललो. टीव्ही नव्हता, फोन नव्हता. पंचवीस वर्षांत राहून गेलेल्या पुष्कळ गोष्टी निघाल्या, काही कडूही निघाल्या. ते इथे लिहिण्याचे कारण नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. साठ लाखांहून अधिक परदेशी पर्यटक वर्षाला येतात, त्यांच्यावर ज्याचे पोट आहे, असे बेट वर्षातून एक दिवस त्या सगळ्यांना सांगते की आज तुमचा धंदा नको. आणि पोट किती अवलंबून आहे ते २०२०मध्ये दिसले. पर्यटन थांबले आणि बालीची अर्थव्यवस्था नऊ टक्क्यांहून अधिक आकसली. तरीही हा दिवस ते सोडत नाहीत. गोव्यात, महाबळेश्वरात असे कोणाला सुचेल का? गोव्याला २०१९मध्ये कायदा बदलून किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करायला आणि दारू प्यायला बंदी घालावी लागली. तिथे चुली मांडणारे बहुतेक शेजारच्या राज्यांतले, म्हणजे आपणही.

पण या एका दिवसाने उरलेल्या ३६४ दिवसांची भरपाई होत नाही, हेही खरे. आमचा ड्रायव्हर जतिलुविहच्या वाटेवर सांगत होता की त्याच्या भावाने भातखाचर विकले, तिथे आता व्हिला आहे, आणि खालच्या शेताचे पाणी अडले. भाताच्या पायऱ्यांना पाणी वाटून देणारी ‘सुबाक’ ही तिथली हजार वर्षांहून जुनी व्यवस्था. पाण्याचा हिशेब देवळात बसून ठरतो. युनेस्कोने २०१२मध्ये ती जागतिक वारशात घेतली. धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धत होती, तिची ही थोरली बहीण म्हणा. यात एक खाचर सिमेंटखाली गेले की खालची चार अडचणीत येतात. आणि त्या व्हिल्याच्या तलावात पाय सोडून फोटो काढणारे जोडपे आम्हीच असतो. १४ फेब्रुवारी २०२४पासून बालीने परदेशी पाहुण्यांवर दीड लाख रुपियांचा, म्हणजे आपल्या सुमारे आठशे रुपयांचा, कर बसवला तेव्हा आपल्याकडे किती कुरकुर झाली! हा कर मला तर फार थोडा वाटतो.

परत आल्यावर मी एजंटला फोन लावला. न्येपीचे आधी सांगितले नाही म्हणून त्या दिवसाचे पैसे परत मागायचे होते. तो पलीकडून क्षमा मागत होता, पुढच्या सहलीत सवलत देऊ म्हणत होता. पत्नीने माझ्या हातातून फोन घेतला. ‘अहो भाऊ,’ ती त्याला म्हणाली, ‘पैसे राहू द्या. पुढच्या साली न्येपी कोणत्या तारखेला आहे, तेवढे बघून सांगा.’