गळालेला पासवर्ड आणि आपली जबाबदारी

रविवारच्या मिस्सेनंतर हातातला मोबाइल पुढे करून "फादर, हे काय आले आहे?" असे विचारणारे ज्येष्ठ भाविक आम्हांला अलीकडे वरचेवर भेटतात. पडद्यावर इशारा असतो : तुमचा पासवर्ड माहितीच्या गळतीत आढळला आहे, तो बदला. कोणी घाबरून बँकेत धाव घेतो, तर कोणी इशारा बोटाने बाजूला सारून मोकळा होतो. वास्तविक या इशाऱ्याचा अर्थ नीट समजला, तर धावपळही टळेल आणि बेफिकिरीही.

गूगलने २०१९ साली क्रोम ब्राउझरमध्ये आणि ॲपलने २०२० साली आयफोनमध्ये ही सोय आणली. कंपन्यांच्या संगणकांतून चोरलेल्या पासवर्डांच्या याद्या गुन्हेगारांमध्ये फिरत असतात व कालांतराने त्या सुरक्षातज्ज्ञांच्याही हाती लागतात. मोबाइलमध्ये साठवलेले आपले पासवर्ड सांकेतिक रूपात त्या याद्यांशी ताडून पाहिले जातात आणि जुळणी झाली की इशारा उमटतो. थोडक्यात, आपल्या एका किल्लीची नक्कल परक्या हाती गेलेली असण्याचा संभव आहे. ती किल्ली किती दारांना लागते, हा खरा प्रश्न होय.

बहुतेकांची एकच किल्ली सर्व दारांना लागते. ईमेल, रेल्वेचे तिकीट, वीजबिल, मुलांची शाळा, सर्वत्र तोच पासवर्ड. एका क्षुल्लक संकेतस्थळावरून तो चोरीस गेला, की चोर तीच जोडी यंत्राच्या साहाय्याने शेकडो ठिकाणी लावून पाहतो.

याचे परिणाम किती दूर जातात, हे २०२३ साली दिसून आले. आनुवंशिक चाचण्या करणाऱ्या 'ट्वेंटीथ्री अँड मी' या अमेरिकन कंपनीच्या सुमारे १४ हजार खात्यांत चोरांनी अन्यत्र गळालेले पासवर्ड वापरून प्रवेश मिळवला. परंतु त्या सेवेत ग्राहकांना आपले दूरचे नातलग शोधता येत असल्याने, या १४ हजार खात्यांच्या वाटेने सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरांच्या हाती पडली. यांपैकी बहुसंख्यांचा स्वतःचा पासवर्ड गळालाच नव्हता. कोणा नातलगाच्या निष्काळजीपणाची झळ त्यांना पोहोचली.

मग दोष कोणाचा? ग्राहकांनी जुनेच पासवर्ड पुन्हा वापरले, असे कंपनीचे म्हणणे होते. ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाला ते पुरेसे वाटले नाही. इतकी नाजूक माहिती बाळगणाऱ्या कंपनीने पासवर्डाखेरीज दुसरी पडताळणी सक्तीची केली नव्हती, यावर बोट ठेवून त्याने जून २०२५ मध्ये कंपनीला २३ लाख १० हजार पौंडांचा दंड केला. हा निर्णय आम्हांला न्याय्य वाटतो. ग्राहकाची चूक दाखवून रखवालदाराला आपली जबाबदारी झटकता येणार नाही. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही, गळती झाल्यास संबंधितांना कळवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले असून ते न पाळल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी त्याच्या अंमलबजावणीसाठी १८ महिन्यांची मुदत दिली आहे.

कायदा आपल्या गतीने येईल. इशारा मात्र आज आला आहे. तेव्हा प्रथम तो खरा आहे का, हे पाहावे. एसएमएस वा व्हॉट्सॲपवर दुव्यासह आलेल्या अशा संदेशावर विश्वास ठेवू नये. आपण स्वतः मोबाइलची सेटिंग उघडून साठवलेल्या पासवर्डांच्या यादीत तो इशारा आहे का, ते तपासावे. असल्यास त्या खात्याचा आणि तोच पासवर्ड जिथे जिथे वापरला असेल तिथला पासवर्ड बदलावा. सुरुवात ईमेलपासून करावी, कारण अन्य खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे बहुधा तेथेच येतात. प्रत्येक खात्याला वेगळा व लांब पासवर्ड असावा. लक्षात राहत नसेल, तर वहीत लिहून ती कपाटात कुलूपबंद ठेवण्यात ज्येष्ठांनी कमीपणा मानू नये. जिथे शक्य तिथे द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी. पैसे गेलेच असतील, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

तरुणांनी या कामी आजीआजोबांना हात द्यावा. मात्र नवा पासवर्ड ज्याचा त्यानेच टाकावा. पासवर्ड किंवा ओटीपी कोणालाही सांगू नये, अगदी आम्हांलाही नाही.

हे लिहीत असताना आमचेही लक्ष आमच्या कार्यालयाकडे गेले. धर्मग्रामांची कार्यालये, पतपेढ्या, मंडळे यांच्या ईमेलमध्ये शेकडो कुटुंबांचे पत्ते, दूरध्वनी क्रमांक आणि दाखले साठलेले असतात. पुष्कळदा त्याचा पासवर्ड चारपाच जणांना ठाऊक असतो आणि पदाधिकारी बदलले तरी पासवर्ड तोच राहतो. आमच्याकडेही तसेच होते. लोकांनी विश्वासाने सोपवलेली माहिती आम्ही अशी उघड्या दाराआड ठेवली होती, याची आम्हांला खंत वाटली. तो पासवर्ड आम्ही या आठवड्यात बदलला. आपल्या संस्थेचा पासवर्ड शेवटचा केव्हा बदलला होता, हे वाचकांनीही एकदा विचारून पाहावे.