आठवण राखावी, विष राखू नये



माळ्यावरचा जुना टॉर्च पावसाळ्यात खाली काढावा, कळ दाबावी आणि उजेड पडू नये. झाकण उघडावे तो आतील सेल फुटून त्याचा क्षार पत्र्याला चिकटलेला दिसावा, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांस आहे. सेल वेळेवर काढावयाचे राहून गेले, एवढीच चूक. त्याच चुकीची एक थोडी मोठी गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत. ती अमेरिकेतील आहे आणि एका खेळाच्या यंत्राविषयी आहे.

त्या देशात पिनबॉल नावाचा खेळ फार लोकप्रिय होता. मेजासारखी एक उतरती पेटी, वर काच, आत पोलादी गोळी. खेळणाऱ्याने पेटीच्या दोन्ही अंगांच्या कळा दाबावयाच्या, म्हणजे आतील दोन लहान पाती गोळीला पुन्हा वर उडवितात. गोळी खुणेच्या जागी आपटली की गुण वाढतात. ही पाती प्रथम आली १९४७ साली, शिकागोच्या गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात. त्यापूर्वी १९४२ साली न्यूयॉर्क शहराने या खेळास जुगार ठरवून बंदी घातली होती आणि जप्त केलेली यंत्रे घणाने फोडली होती. ती बंदी १९७६ साली उठली. आज तीच जुनी यंत्रे लोक आवडीने घरी आणतात आणि महिनोन् महिने खपून दुरुस्त करितात.

पूर्वी या यंत्रांत गुण मोजण्याचे काम फिरत्या चाकांकडे असे. १९७७ सालापासून शिकागोच्याच बॅली कंपनीने ते सर्किट बोर्डाकडे सोपविले. वीज बंद झाली तरी सर्वांत मोठी गुणसंख्या पुसली जाऊ नये, म्हणून आठवण राखणारी एक चिप त्या बोर्डावर बसविलेली असे, आणि तिला जागे ठेवण्यासाठी ३.६ व्होल्टची एक लहान बॅटरी बोर्डालाच डाख देऊन पक्की केलेली असे. योजना चांगली होती. पण यंत्र वर्षानुवर्षे कोपऱ्यात पडून राहिले, की ती बॅटरी म्हातारी होते आणि गळू लागते. आतील दाहक द्रव तांब्याच्या बारीक रेषांवरून हळूहळू पसरतो. डाख काळवंडतो, चिपांचे पाय गंजतात, रेषा तुटतात. जुने गुण लक्षात राहावेत म्हणून जी वस्तू बसविली, तीच संपूर्ण यंत्राला मुके करिते!

वाचकहो, आपल्या घरांतही अशी बॅटरी असते. बांधावरून वीस वर्षांपूर्वी झालेला तंटा, लग्नात न मिळालेला मान, वाटणीच्या वेळी उच्चारलेला एक शब्द. आपण तो जपून ठेवतो, आणि म्हणतो, "आम्ही काही करीत नाही, केवळ लक्षात ठेवले आहे." पण जपलेला राग स्वस्थ बसत नाही. तो पसरतो, मुलांपर्यंत, सुनांपर्यंत, ज्यांनी तो तंटा पाहिलाही नाही अशा नातवंडांपर्यंत पोहोचतो. आईच्या शवपेटीला एकत्र खांदा न देता दोन बाजूंस तोंडे फिरवून उभे राहिलेले सख्खे भाऊ आम्ही पाहिले आहेत. हिशेब दोघांनीही चोख ठेविला होता. आई मात्र त्या हिशेबात कोठेच नव्हती.

दुरुस्ती करणारा काय करितो, ते पाहण्यासारखे आहे. प्रथम तो बॅटरी कापून दूर करितो; ती जागेवर असताना बाकीचे सर्व श्रम व्यर्थ. मग पांढरा शिरका पाण्यात मिसळून तो क्षार मारतो, स्वच्छ पाण्याने बोर्ड धुतो आणि स्पिरिटने पुसून वाळवितो. त्यानंतर तांबे चकाकू लागेपर्यंत घासतो. गंजावर डाख बसतच नाही; वरून कितीही कथील ओतले तरी ते गोळा होऊन निसटते. सणाच्या दिवशी लोकलज्जेस्तव केलेला समेट असाच निसटतो, कारण खालचा गंज कोणी खरवडलेला नसतो. पापनिवेदनापूर्वी विवेकबुद्धीची तपासणी करण्याची शिकवण ख्रिस्तसभेने दिली आहे, ती याच खरवडण्यासाठी.

बोर्ड परत बसवून वीज सुरू केली, की त्यावरील तांबडा दिवा प्रथम क्षणभर लुकलुकतो आणि मग एकेक भाग तपासून सात वेळा पेटतो. पहिल्या सहा वेळा बोर्ड स्वतःचीच परीक्षा घेतो. सातव्या वेळी मात्र बाहेरून येणारी मोठी वीज पोहोचली की नाही हे पाहिले जाते. ती नसेल तर दिवा सहावर थांबतो आणि खेळ सुरू होत नाही. आमच्या मते मनुष्याचेही असेच आहे. स्वतःची तपासणी आपण करावी, गंज आपण खरवडावा. पण क्षमा करण्याचे अंतिम बळ आपल्यात नसते. ते वरून यावे लागते, आणि मागितल्यावाचून राहू नये. क्षमा किती वेळा करावी हे विचारताना संत पेत्राने सातपर्यंत मोजले होते. प्रभूने असे उत्तर दिले की मोजणेच संपले.

कोणी विचारील, "मग झाले गेले सर्व विसरावयाचे काय?" नाही. आजचे कारागीर जुन्या चिपेच्या जागी अशी नवी चिप बसवितात, की जिला बॅटरी लागतच नाही. गुणांची नोंद तशीच राहते. गळणारे विष तेवढे राहत नाही. क्षमेचेही तसेच आहे. झालेला अन्याय अन्यायच असतो, त्याचा न्याय मागण्यास प्रत्यवाय नाही, आणि घडलेले लक्षात राहणारच. त्या आठवणीला रागाचा पुरवठा करणे मात्र थांबले पाहिजे.

तेव्हा या आठवड्यात घरातील टॉर्च उघडून पाहावा. सेल गळला असेल तर तो काढावा. आणि रात्री कुटुंबाच्या रोझरीनंतर ज्याचे नाव आपण बरेच दिवस घरात उच्चारलेले नाही, त्याचे नाव प्रार्थनेत एकदा घ्यावे. पहिली लुकलुक तेथूनच होईल.